काकांचा फटका

गल्लीतल्या सॉफ्टबॉल क्लबनं मैदान सांभाळणाऱ्या काकांचा सत्कार ठेवला होता. तरी सकाळी मैदान काकांनीच झाडलं, फक्की मारून रेषा आखल्या, बेस ठोकले, वर खुर्च्याही मांडल्या. भाषणं संपेस्तोवर गुडघे कुरकुरायला लागले. कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकतोय, असं त्यांना झालं होतं.

तेवढ्यात कॅप्टननं त्यांच्या हातात बॅट दिली. "काका, आमच्यासाठी जन्मभर राबलात. आज एक फटका तुमचा."

नको नको म्हणत काका उभे राहिले. पिचरनं चेंडू अलगद टाकला, आणि काकांनी तो थेट कुंपणापर्यंत धाडला. अख्खा क्लब एका सुरात ओरडला, "काका, पळा!"

बॅट टाकून काका जीव खाऊन पळाले. कुंपणाजवळच्या झुडपात हात घालून चेंडू काढला, पँटला पुसला आणि धापा टाकत पिचरला आणून दिला.



"काका," कॅप्टन हळूच म्हणाला, "बेसकडे पळायचं होतं."

"मग तसं सांगायचं ना, बाबा!" काका मटकन खाली बसले. "आजवर 'काका, पळा' म्हणालात, ते चेंडू आणायलाच."