मधोमध

विमान परत उजवीकडे कललं आणि डोंगरावर आपटलं. लेकाने जॉयस्टिक टेबलावर ठेवली आणि हात टेकले.

सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आले होते. त्याच्या लहानपणी मायलेक टीव्हीला जोडून खेळायचे तो विमानाचा खेळ त्याने मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर उतरवला होता, खास आईसाठी. तेव्हा ती त्याला एकदाही जिंकू द्यायची नाही. आणि आता ही स्टिक! वायर बदलून झाली, स्पिरिटने पुसून झाली, बनवणाऱ्याला शिव्या घालून झाल्या. कुणी हात लावला नाही तरी विमान आपलं उजवीकडेच.

"जाऊ दे आई," तो म्हणाला. "तुझ्यासाठी काहीतरी सोपं आणतो. विमान आपोआप उडेल, तू नुसतं बघायचं."

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून घरात सगळं सोपंच येत होतं. झाकणाचा पेला आला, जाड दांड्याचा चमचा आला, कात्री तेवढी कपाटात गेली. सगळं प्रेमानेच चाललं होतं, म्हणून तर तिला जास्त राग यायचा. आता खेळही नुसता बघायचा?

"दे इकडे," ती म्हणाली.

"अगं, स्टिकच बिघडलीय."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उजव्या हाताने स्टिक धरली. झटक्यानंतर तो हात सारखा डावीकडे ओढायचा, ठेवावा तिथे राहायचा नाही. विमान उठलं. डोंगराच्या डोक्यावरून सरळ गेलं, पुलाखालून अलगद बाहेर पडलं. लेक बघतच राहिला.

मग त्याने कपाळाला हात लावला. स्टिक मधोमध असते म्हणजे नेमकी कुठे, हे सकाळी प्रोग्रामला शिकवायचं होतं. 'स्टिक सोडा' असं पडद्यावर आलं होतं, आणि हा फोनवर बोलता बोलता बटण दाबून मोकळा झाला होता. तेव्हा स्टिक आईच्या हातात होती आणि तिने ती सोडलीच नव्हती. हातात आलेली वस्तू हल्ली ती सहजासहजी सोडत नसे. तिचा हात ओढतो तिथेच मध्य आहे, असं प्रोग्राम समजून बसला होता.

"माझीच चूक," लेक हसला. "सोड, एका मिनिटात नीट करतो."

"हात लावायचा नाही."

"अगं, पण मग आम्हाला कुणालाच खेळता येणार नाही."

"घरातल्या एकेका वस्तूशी मी रोज जुळवून घेते. ही एक माझ्याशी जुळलीय. ती अशीच राहील."

लेक खुर्ची ओढून शेजारी बसला. तिचा डाव संपल्यावर त्याने स्टिक घेतली. विमान उजवीकडे कललं, डोंगर समोर आला.

"सरळ काय धरतोस?" आई म्हणाली. "माझ्यासारखी धर."