चढावरचा भार

एक्झिटरच्या वाटेवर चढ लागला की घोड्यांचा भार हलका करायला प्रवाशांनी उतरून चालायचं, अशी रीत होती. त्या दुपारी आम्ही उतरलो, तरी गाडी डावीकडे चार बोटं कललेलीच राहिली.

“आत कोण बसलंय? उतरा खाली!” गाडीवान जेथ्रो ओरडला.

मी मोजलं. पाद्री, कापडवाला, मिसेस टॅपस्कॉट आणि मी. आत होतो तेवढे चौघंही रस्त्यावर होतो.

“बाईंची टोपीची पेटी असेल,” कापडवाला म्हणाला.

“टोपी आहे, ऐरण नाही!” मिसेस टॅपस्कॉट फणकारल्या. घोड्यांकडे पाठ करून उलटं बसलं की त्यांना ओकाऱ्या होत. म्हणून डावीकडची सुलटी जागा त्यांनी पाद्र्यांशी भांडून मिळवली होती आणि उतरताना तिच्यावर पेटी ठेवून ती राखली होती.

माथ्यावर त्यांनीच आधी दार उघडलं. पेटी समोरच्या उलट्या जागेवर नीट ठेवलेली होती. त्यांच्या गादीवर खोल खळगा पडला होता. त्यांनी हात लावला.

“गरम आहे.”

“मी टपावर बसतो,” पाद्री घाईघाईने म्हणाले.

मिसेस टॅपस्कॉटनी छत्री आपटली. “ऐकलंत का? मला उलटं बसवत नाही. सरका!”

गादी करकरली, आणि खळगा वीतभर खिडकीकडे सरकला.