फिकट फ्रॉक

“आधी त्याला घालव,” असं म्हणून ताई नाकाला रुमाल लावून स्टुलावर बसली.

धाकट्या भावाने मान डोलावली आणि घरच्या ग्रुप फोटोची मोठी कृष्णधवल प्रिंट पहिल्या ट्रेमध्ये सोडली. मध्ये आई, एका बाजूला काळ्या कोटातला दादा, दुसऱ्या बाजूला फिकट फ्रॉकमधली ताई. आईच्या मांडीवर खुद्द धाकटा. तो तेव्हाही दोघांच्या मध्ये सापडल्यासारखाच दिसत होता.

आईच्या माघारी तिच्या शिलाई मशीनवरून ताईचं आणि दादाचं बिनसलं. मशीन दोघांनाही चालवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी भांडण चालवलं. ताईला भिंतीवर आई हवी होती, दादा नको होता. धाकट्याचा फोटो स्टुडिओ. काम त्याच्याच गळ्यात पडलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. प्रिंट तपकिरी करून देतो, समोर बसून बघ, एवढंच बोलला. पहिल्या ट्रेमधलं औषध चित्र खातं, हे त्याने सांगितलं. दुसऱ्या ट्रेचा विषय त्याने काढला नाही.

औषधाने फिकट भाग आधी धरले. ताईचा फ्रॉक गेला. मग चेहरे विरायला लागले. दादाचा कोट मात्र ठाण मांडून होता.

“हलतोय का बघ,” ताई करवादली. “लहानपणापासून असाच.”

मग ती पुढे वाकली. रुमाल खाली आला.

“अरे, आई चालली. आण तिला परत.”

“एकट्या आईला आणता येत नाही, ताई. आले तर सगळे येतील.”

ताई ट्रेकडे बघत राहिली. आता कोटही पिवळट पडला होता.

“आण सगळ्यांना,” ती हळूच म्हणाली.

धाकट्याने प्रिंट खळबळून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकली. सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि त्या वासातून अख्खं कुटुंब तपकिरी होऊन परत आलं. दादासुद्धा, कोटासकट. ताईने डोळे पुसले. औषध फार झोंबतं म्हणाली.

आता वाहत्या पाण्यात निवांत धुवायचं, धाकट्याने सांगितलं. कागद जाड, औषध आत मुरून राहिलं तर पुढे डाग उमटतात. त्याने टबवरचं झाकण काढलं. पाण्यात तशीच एक प्रिंट आधीच तरंगत होती.

“ही कोणाची?”

“दादाची. सकाळी आला होता. त्याला फोटोत तू नको होतीस.”

ताईचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, “यात सगळं तपकिरी, मग दादाचा कोट तेवढा काळा कसा?”

“पहिल्या ट्रेमधलं औषध कोटापर्यंत पोचलंच नाही,” नळ थोडा मोठा करत धाकटा म्हणाला. “तुझा फ्रॉक दिसेनासा झाला, तसा त्याने बाहीसकट हात घातला आणि फोटो बाहेर ओढला.”