परक्या पंगतीत

पाण्याची बाटली घेऊन वत्सलाबाई वळल्या, तर अच्युतराव जागेवर नव्हते.

जॉर्डनमधल्या जेराशच्या त्या रोमन अवशेषांत जिकडे पाहावं तिकडे सारखेच दगडी खांब. अलीकडे अच्युतरावांना घरचा पत्ताही आठवत नसे. मुलगा नको म्हणत असताना वत्सलाबाईंनीच हट्टानं त्यांना इथं आणलं होतं. "अहो! अहो!" करत त्या धावत सुटल्या. शेवटी लाजलज्जा सोडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याला नावानं हाक मारली, "अच्युत!"

डोक्याला रुमाल बांधलेली एक तिथलीच बाई थबकली. वत्सलाबाईंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. बाईनं तो निरखला, त्यांचं मनगट धरलं आणि ती पडक्या देवळामागे त्यांना ओढत नेऊ लागली. मागच्या बाजूला खोल उतार होता.

तिथं सावलीत सतरंजी पसरून त्या बाईचं कुटुंब जेवत होतं. मधोमध अच्युतराव मांडी घालून बसले होते आणि एक म्हातारी आग्रहानं त्यांना रोटी वाढत होती.

वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अच्युतरावांनी वर पाहिलं आणि अदबीनं सरकून जागा केली.

"या ना ताई, बसा. फार प्रेमळ माणसं आहेत. आमची मिसेस येईलच इतक्यात."

आजवर सगळं विसरले, तरी बायकोला ते विसरले नव्हते. त्या बाईला मराठी कळत नव्हती, पण वत्सलाबाईंचा चेहरा पाहून तिनं मनगटावरची पकड घट्ट केली.

"येतील हो त्या," वत्सलाबाई त्यांच्याशेजारी बसत म्हणाल्या. "तुम्ही सावकाश जेवा."