ओलं लाकूड

गुडघ्याचं ऑपरेशन करून माझी बायको हेलन घरी आली, पण तिचं बोलणं जणू दवाखान्यातच राहिलं. थंडीत मी बिनस्वेटरचा हिंडलो तरी ओरडेना. म्हणून आज चूल मीच पेटवली आणि तिला जवळ खाटेवर बसवलं.

"ही आपली पडलेली बाभळ. वीस वर्सं ऊन प्याली, आता जळताना तेच ऊन भाईर काढतीय. मागं हिची एक फांदी चुलीत घातली, तर मध्यरात्री यवडा उजेड पडला, की कोंबडं आरवलं आन् शेजारचा रामहरी कांद्याला पानी द्याया निघाला."

एरवी ती म्हणाली असती, पुरे थापा. आज नुसती जाळाकडे बघत राहिली.

मग मी दुसरं लाकूड आत सारलं. ते सुंसुं करू लागलं, टोकातून पाणी उकळून आलं, घरभर धूर झाला.

"आवो, ओलं लाकूड घालत्यात व्हय कुनी? सगळी धग पानी आटवन्यातच जाती. सरका तिकडं. आन् आधी स्वेटर घाला."

स्वेटर आणायला मी आत गेलो आणि जाता जाता मोरीतल्या बादलीत आणखी एक लाकूड भिजत टाकलं, उद्यासाठी.