श्वास धरा

नवव्या फोटोतही तीच बरगडी दिसली, तेव्हा सारिकाने लॅपटॉपवरचा हात उचलला.

डावीकडची, वरून सहावी. कधीतरी मोडलेली आणि वाकडी जुळून आलेली. तिच्या वर, फुप्फुसात, बोराएवढा पांढुरका डाग, आणि डागाभोवती कॉम्प्युटरने आखलेली लाल चौकट. नावं नऊ होती. कोणी ओडिशाचा, कोणी झारखंडचा, कोणी बिहारचा. आतली छाती मात्र एकच.

काल नवलाख उंबरे गावात बाहेरून आलेल्या मजुरांची क्षयरोगाची तपासणी होती. सारिका तळेगावची, एक्स-रे काढणारी. हातात धरायचं मशीन घेऊन तिने दिवसभरात ऐंशी फोटो काढले. संध्याकाळी नऊ लाल निघाले. नऊ जण वेळेत सापडले, आता त्यांना औषध मिळेल, म्हणून तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली. ठेकेदार हनुमंतने यादी मागितली, ती तिने तिथल्या तिथे मोबाइलवर पाठवून दिली. यादी फक्त डॉक्टरांकडे जायची असते, थुंकी तपासल्याशिवाय कोणाला आजारी म्हणायचं नसतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण हनुमंत गोड बोलला, आणि तिला घरी जायची घाई होती. फोटो एकेक करून उघडले ते आज दुपारी.

मशीन बिघडलं असेल, जुनाच फोटो पुन्हा पुन्हा उमटत असेल, असं म्हणून तिने तपासणीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला बटण दाबायला लावलं आणि स्वतः समोर उभी राहिली. तिच्या बरगड्या सरळ आल्या, छाती स्वच्छ आली. आपण धडधाकट निघालो याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मग तिला कालची एक गोष्ट आठवली. "श्वास घ्या, धरा," असं ती प्रत्येकाला सांगत होती. लोक गोंधळायचे, उशिरा धरायचे, मधेच हसायचे. मधूनच एखादा मात्र असा यायचा, की तिने तोंड उघडायच्या आधीच श्वास धरून उभा. तोंडाला मास्क, कपाळापर्यंत ओढलेली टोपी. सारिकाने पाहिल्या होत्या त्या फक्त हातातल्या नावाच्या चिठ्ठ्या. एकच माणूस नऊ वेळा तिच्यासमोर उभा राहून गेला होता, आणि औषधाची गरज त्यालाच होती.

तिने स्कूटर काढली. धुकं इतकं खाली उतरलं होतं की भर दुपारी गाड्या दिवे लावून चालल्या होत्या. मजुरांच्या चाळीत, नऊही जणांच्या पत्त्यात होती त्या चार नंबरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत फिनेलचा वास. भिंतीला ओळीने दहा खिळे. नऊ मोकळे, दहाव्याला एक शर्ट. फरशीवर जिथे अंथरुणं असायची तिथे फिकट चौकोन उरले होते. नको वाटत असतानाही ती ते मोजत राहिली.

"कुनाला हुडकताय?"

सारिका दचकली. मागे चाळीची मालकीण अंबूबाई उभी होती. धुक्यात तिची पावलं ऐकूच आली नव्हती.

"इथली माणसं कुठे गेली, मावशी?"

"सकाळीच गेली. हनुमंतानं टेंपोत घालून टेसनावर सोडली. यादीत नावं आली म्हनं त्यांची. रोगट मान्सं आपल्याला नकोत म्हनला."

नऊ जण, आणि आजार एकाचा. त्यांच्या स्वतःच्या छातीत काय होतं, काय नव्हतं, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

"आणि दहावा?"

"बुधन व्हय? त्यो हाय की. त्याचं नाव न्हाई यादीत. लय गुनाचा. दोन वर्सांत कदी खोकताना ऐकला न्हाई." अंबूबाई आपल्या घराकडे चालू लागली. "ह्या खोलीत रोग हाय, म्हून आजपासनं त्याला आमच्यातच झोपाय सांगितलंय."

बुधन ओट्यावर बसला होता. अंबूबाईची दीड वर्षाची नात त्याच्या खांद्यावर झोपली होती, तोंड त्याच्या गालाला लावून. आज त्याला मास्क नव्हता. सारिकाला पाहून तो ओळखीचं हसला, मग ओशाळला.

"खोटं नाही बोलणार, मॅडम. ते सगळे कामावरच्या भट्टीच्या धुळीने खोकायचे. फोटोत काही निघालं तर काम जाणार, म्हणून घाबरले. मला खोकला नाही. म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन मीच आत आलो. शेवटी माझा नंबर आला तर तुमची बॅटरी संपली." त्याने पोरीला नीट सावरून घेतलं. "पण मी तर चांगला आहे. मग त्यांची नावं कशी आली?"

सारिका ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"बुधनभाऊ, तुमची डावी बरगडी कधी मोडली होती?"

"लहानपणी. झाडावरून पडलो होतो." त्याचा हात बरोबर त्या जागेवर गेला. "तुम्हाला कसं माहीत?"

"नऊही फोटोंत दिसते ती. आणि तिच्या वर डाग आहे. खोकला नसला तरी हा आजार असू शकतो. थुंकी तपासू, औषध फुकट आहे, बरं होतं. पण आज माझ्याबरोबर चला."

कोणी न सांगता बुधनने श्वास धरला, आणि खांद्यावरची पोर अंबूबाईच्या हातात देईपर्यंत तो सोडला नाही.