गेनाच्या नावाची विहीर

मे महिन्यात गेनाच्या विहिरीवरचा मग सात वेळा उचलला गेला होता. त्यातल्या दोन वेळा टपालवाल्यानेच. आता सरपंच सेराफिम एकदम बाराशे पिणारे द्यायला तयार होता, तेही आठवड्यातून दोनदा. झिनोविया कठड्याला टेकून उभी होती, तिचे ओठ आकडेमोड करत होते.

"झाडं पितात म्हणजे पितातच की, मावशी," सेराफिम म्हणाला. "तहान ती तहान. माणसाची काय नि रोपाची काय."

विहीर तिने मुलाच्या नावाने खणवून घेतली होती. गेना इटलीत टोमॅटोच्या शेतात कामाला होता. तीन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी दोन ओळींच्या मधे पडला, तो उठलाच नाही. पाणी गाडीत होतं आणि गाडी शेताच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून झिनोवियाने रस्त्याकडेला एकवीस मीटर खोल खणवलं, वर निळं छप्पर घातलं, साखळीला मग बांधला. वाटसरूने प्यावं, 'गेनाला पोचो' म्हणावं, की तेवढा घोट वर गेनाला मिळतो. मोल्दोवातल्या खेड्यांत हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. एक जण प्यायला की ती छपराच्या आतल्या फळीवर खडूची एक रेघ ओढायची. फक्त त्या रस्त्याने जाणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. निम्मं गाव इटलीत, निम्मं मातीत, असं सेराफिमच निवडणुकीत म्हणायचा.

रोपांचं असं होतं, की मोल्दोवाने साऱ्या जगासमोर शब्द दिला होता. ओसाड माळांवर जंगल उभं करू, तापत चाललेल्या हवेला आपल्या परीने आवर घालू. त्या शब्दातला बाराशे रोपांचा वाटा या गावच्या उतारावर आला. ऑगस्टअखेरच्या तपासणीत हजार जिवंत निघाली, तर चर्चपर्यंत डांबरी रस्ता. पण एप्रिलनंतर पावसाचा थेंब नव्हता, आणि गावातल्या बाकीच्या विहिरी घरच्या तोंडांनाच जेमतेम पुरत होत्या.

"प्रत्येक रोपाला गेनाचं नाव घ्यायचं," झिनोविया म्हणाली. "एकही गाळायचं नाही."

"घेऊ की. विश्वास नसेल तर स्वतः ये नि घे."

ती स्वतः गेली. घोडागाडीवर पिंप, हातात डबा. रोपामागे एक डबा आणि डब्यामागे एक 'गेनाला पोचो'. बाराशे व्हायला दीड दिवस लागायचा. शेजारीण तुदोरा कुंपणावरून म्हणाली, "अगं, एवढं पाणी वर पाठवतेस, पोराला पोहता तरी येतं का?" झिनोविया हसली. तीन वर्षांत पहिल्यांदाच हसली असेल. शंभराला एक फुली, या हिशेबाने जुलैत एक फळी भरली. तिने दुसरी सुरू केली.

ऑगस्टच्या मध्यावर रहाटाची साखळी पाण्यापर्यंत पुरेना. तिने टोकाला दोर बांधला.

"पाणी खाली चाललंय, सेराफिम."

"नऊ दिवस, मावशी. तपासणी होऊ दे, मग रोपं जाणोत नि देव जाणो."

ते बोलणं तिला टोचलं. पण नऊ दिवसांत तीन फेरे, म्हणजे छत्तीस फुल्या. तिने दोर आणखी लांब केला. शेवटच्या फेऱ्याला पाणी गढूळ आलं, तरी रात्रीतून झरा भरेल असं ती धरून चालली.

तपासणीला राजधानीतून लिलियाना नावाची तरुण बाई आली. भली बाई होती. गाडीतून न बघता ओळ न् ओळ पायी फिरली. अकराशे त्रेसष्ट जिवंत. "या जिल्ह्यात एवढी कुठेच नाहीत," म्हणत तिने रोपांमध्ये उभ्या सेराफिमचा फोटो काढला. झिनोविया कडेला होती. फोटोत तिचा डबा आला.

मग उन्हाने लाल झालेली लिलियाना विहिरीशी आली. "मावशी, घोटभर पाणी मिळेल?"

रोपांचं पाणी सुरू झाल्यापासूनचा पहिला परका माणूस. तोंड असलेला, स्वतःच्या तोंडाने नाव घेऊ शकणारा. झिनोवियाने मग घासून पुसला आणि बादली सोडली. रहाट बराच वेळ फिरला. वर आला तो मूठभर चिखल. तिने पुन्हा सोडली. पुन्हा चिखल.

"असू दे, असू दे," लिलियानाच ओशाळली. तिने गाडीतून बाटली आणली, झाकण उघडलं, झिनोवियाचे फुटलेले ओठ पाहिले आणि बाटली आधी तिच्याच पुढे धरली. "घ्या. तुम्हीही सकाळपासून उन्हात आहात."

झिनोवियाने बाटली घेतली. पण विचारल्याशिवाय पिणं तिच्याने होणार नव्हतं.

"कोणासाठी, पोरी?"

लिलियाना गोंधळली. शहरात असं कोणी विचारत नसावं. मग तिने हळूच मान खाली घातली.

"बाबांसाठी. मार्चमध्ये गेले. एमिलियान."

"एमिलियानला पोचो," झिनोविया म्हणाली आणि प्यायली. पाणी गार होतं.

गाडी गेल्यावर ती खडू हातात धरून छपराखाली उभी राहिली. देशाचा शब्द अकराशे त्रेसष्ट झाडांनिशी राहिला होता. सेराफिमला रस्ता मिळाला होता. झाडांचं पिणं वर धरतात की नाही, हे पाद्रीबाबांना आधीच विचारायला हवं होतं, तेवढं राहून गेलं. त्या दिवशी गेनाच्या विहिरीवर एकच माणूस पाणी प्यायलं, ती स्वतः. आणि तो घोट एमिलियानला गेला.